आमच्या घरातली जर्मनी

बाबांच्या कंपनीला आमच्या घरात नाव नव्हतं. आम्ही तिला जर्मनी म्हणायचो. "जर्मनी नाही म्हणाली," असं बाबा बूट काढता काढता सांगायचे, किंवा "जर्मनीला अजून पटत नाहीये," आणि आई आतून चहाचं विचारायची. शाळेत नकाशावर पहिल्यांदा जर्मनी पाहिली तेव्हा तो एवढा मोठा देश बघून मला नवल वाटलं होतं. माझ्या डोक्यातली जर्मनी म्हणजे दूर कुठेतरी बसलेलं एक हट्टी, वक्तशीर माणूस होतं, आणि आमचं सिंगापूरमधलं क्लेमेंटीचं भाड्याचं घर, माझी शाळा आणि बाबांच्या नोकरीचा परवाना असलेला एम्प्लॉयमेंट पास त्याच्या मर्जीवर चालले होते. खरी गोष्ट अशी होती की ती एका कुटुंबाने दक्षिण जर्मनीतल्या एका खेड्यात काढलेली कंपनी होती. यंत्रांना लागणारे स्विच बनवायची. मालकांचं आडनाव कंपनीच्या नावातच आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. बाबा त्यांना थोरले साहेब म्हणायचे आणि त्यांच्या मुलाला धाकटे साहेब. मीही तेच म्हणते.

कंपनीच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर एक जुना फोटो होता. बुटकं, कौलारू शेड, दारात बाह्या दुमडलेला एक तरुण, आणि मागे अंधारात कुणीतरी बाई, चेहरा न दिसणारी. पुढच्या पानांवर मात्र लांबच लांब पांढरे हॉल, पांढऱ्या कोटातली माणसं, यंत्रांच्या रांगा. त्या शेडपासून या हॉलपर्यंत मधे काय झालं हे त्या पत्रकात कुठेच नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. बाबांना विचारलं तर म्हणायचे, वाढली गं कंपनी, चांगला माल असला की वाढते. तेही त्या वाढीचाच एक भाग होते. पुण्यात भोसरीला ते याच कंपनीच्या एजंटाकडे नोकरी करत होते. थोरले साहेब एकदा तिथे आले, त्यांनी बाबांना यंत्राखाली आडवं पडून स्विच बदलताना पाहिलं आणि बाबा बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग सिंगापूरला येशील का म्हणून विचारलं. जुराँगमधल्या एका इमारतीत एक खोली, एक टेबल, स्विचांनी भरलेलं एक कपाट आणि बाबा, एवढंच कंपनीचं सिंगापूर ऑफिस होतं. माझ्या आठवणीत पुढे त्याला दुसरी खोली आणि फोन घ्यायला एक मुलगी मिळाली, तेव्हा आईने शिरा केला होता.

तो स्विच म्हणजे अंगठ्याएवढी पितळी नळी. एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला निळी टोपी, पाठीवर मोहरीएवढा पिवळा दिवा. टोपीसमोर लोखंड आलं की दिवा लागायचा. स्पर्श करावा लागत नव्हता, नुसतं जवळ यायला हवं. बाबांनी मला खेळायला एक दिला होता, सोबत वीज देणारी छोटी पेटी. मी घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यासमोर धरून पाहिली. पोळ्यांचा तवा त्याला लांबूनच कळायचा. ॲल्युमिनियमचं पातेलं अगदी जवळ न्यावं लागायचं. लाकडी पोळपाट त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, आणि माझा हात, ज्याने मी त्याला धरलं होतं, तोही नव्हता. हे मला फार विचित्र वाटायचं. त्याला नक्की काय कळतं आणि कसं, हे बाबांनी कागदावर वर्तुळं काढून समजावलं होतं. ते मला पुरतं समजलं ते बऱ्याच वर्षांनी, विद्यापीठात त्याच विषयाच्या पेपराला बसले तेव्हा.

आमच्या खिडकीसमोरून उंच पुलावरून एमआरटीची मेट्रो जायची आणि ती गेली की काचा बारीक थरथरायच्या. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतून सकाळी भाजक्या पावाचा आणि कॉफीचा वास वर यायचा, दुपारी कढईवर झारा आपटल्याचे आवाज. या सगळ्यात आई दिवसभर एकटी असायची. पुण्यात ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. इथे ती डिपेन्डन्ट पासवर होती, म्हणजे बाबांच्या पासाला जोडलेली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केलेली मला आठवत नाही, पण या दमट हवेत दही आंबट का होतं, टेका मार्केटमधून आणलेली डाळ शिजायला वेळ का घेते, याच्यावर ती ज्या गांभीर्याने प्रयोग करायची, त्याचं कारण मला आता कळतं. तेव्हा मला ते सगळ्यांच्याच आया करतात असं वाटायचं. मी तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले होते, शेवटी इथल्या मुलांसारखं 'लाह' लावून, आणि ती न चिडता प्रत्येक वाक्य मला मराठीत परत म्हणायला लावायची.

माझी दहावीसारखी मोठी परीक्षा जवळ आली होती, त्या सुमाराला बाबांचं एक गिऱ्हाईक बिघडलं. मिस्टर लिम नावाच्या गृहस्थांचा फिशबॉल बनवायचा कारखाना होता. पट्ट्यावरून स्टीलचे ट्रे यायचे, स्विचला ट्रे दिसला की वरून माशाच्या सारणाचे गोळे पडायचे आणि ट्रे गोठवायच्या खोलीत जायचा. पाळी संपली की सगळं यंत्र कढत पाण्याने धुवायचे. बाबांचे स्विच तिथे बसवल्यावर काही आठवडे ठीक चाललं, आणि मग ट्रे नसतानाच दिवे लागायला लागले. गोळे रिकाम्या पट्ट्यावर पडायचे. मिस्टर लिम एरवी मऊ बोलणारे, पण आता रोज फोन करायचे. बाबा नवे स्विच बसवून यायचे आणि खराब झालेले जर्मनीला पाठवायचे. जर्मनीहून उत्तर यायचं की स्विच तपासले, उत्तम चालतात, तुमच्या गिऱ्हाइकाचे इलेक्ट्रिशियन वायरी नीट जोडत नसतील.

एका संध्याकाळी जेवताना बाबा हेच बोलत होते. इथे आजारी असलेला स्विच तिथे जाऊन बरा कसा होतो? आईने आमटी वाढता वाढता विचारलं की काढल्यानंतर तो तिथे तपासेपर्यंत किती दिवस जातात. बाबांनी सांगितलं, पॅकिंग, कुरिअर, तिथली रांग, बरेच जातात.

"म्हणजे तो वाळल्यावर तपासतात," आई म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, पाणी आत जाणं शक्यच नाही, जर्मनीत प्रत्येक नमुना पाण्यात बुडवून ठेवतात. आई म्हणाली, नुसतं बुडवून काय होणार. गरम केलं की आतली हवा फुगून बाहेर पडते, आणि गार झालं की आकसते आणि आजूबाजूला असेल ते आत ओढते. गरम भाजी भरलेल्या डब्याचं झाकण गार झाल्यावर कसं घट्ट बसतं. तसंच. तिथे पाण्याऐवजी वाफ असेल तर वाफ आत जाईल.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर तो प्रयोग सुरू झाला. स्विच इडलीपात्रात वाफवायचा, मग फ्रीजरमध्ये, परत वाफ, परत फ्रीजर. दर वेळी पोळपाटावर ठेवून वीज जोडायची आणि बघायचं. दिवा विझलेला राहिला तर स्विच शहाणा. पहिला स्विच वेडा झाला तेव्हा मी आणि आई अशा ओरडलो की शेजारच्या आंटी दार वाजवून विचारायला आल्या. बाबा मात्र लगेच लिहायला बसले. त्यांनी जर्मनीला अहवाल पाठवला, त्यात वाफ आणि गारठा सगळं लिहिलं, पण इडलीपात्र लिहिलं नाही. धाकट्या साहेबांचं सभ्य, थोडक्यात उत्तर आलं: प्रयोगशाळेत असं काही आढळत नाही. सोबत आणखी एक गोष्ट होती, जी बाबांनी आईला हळू आवाजात सांगितली आणि मी ऐकली. सिंगापूरचं ऑफिस बंद करून काम इथल्या एखाद्या एजंटाकडे द्यावं असा विचार चालू होता. थोरले साहेब जपानला प्रदर्शनासाठी जाताना वाटेत थांबणार होते आणि ते बाबांशी समक्ष बोलणार होते.

आईने त्यांना रविवारी जेवायला बोलवायला सांगितलं. बाबांना ते अवघड वाटत होतं. जो माणूस नोकरी संपली हे सांगायला येतोय त्याला श्रीखंड कसं वाढायचं. आई म्हणाली, ते पुण्याहून आपल्याला इथे घेऊन आले, घरी न जेवता गेले तर मला बरं वाटणार नाही. स्विचचा विषय काढायचा नाही असं बाबांनी आम्हा दोघींना बजावलं होतं. अहवाल दिलाय, उत्तर आलंय, पाहुण्याला घरी बोलावून भांडायचं नाही.

थोरले साहेब फोटोतल्या तरुणासारखे अजिबात नव्हते. उंच, वाकलेले, कानात श्रवणयंत्र, आणि घामाने ओला झालेला कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, प्रत्येक शब्द तपासून बाहेर काढल्यासारखं. दारात त्यांनी बूट काढले, आईला फुलं दिली, आणि हात कुठे धुऊ विचारत सरळ स्वयंपाकघरात शिरले. ओट्यावर, कोशिंबिरीच्या भांड्याशेजारी, त्यांचा स्विच पडला होता. आई तो उचलायला विसरली होती, की विसरली नव्हती, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं आणि ती दर वेळी हसली.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. हा इथे काय करतोय, असं विचारलं. बाबांचे कान लाल झाले. ते काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात आई शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "आम्ही तो शिजवतो."

थोरल्या साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा इडलीपात्राकडे. मग स्टूल ओढून ओट्याशी बसले आणि म्हणाले, "दाखवा."

बाबांनी खोक्यातून एक कोरा स्विच काढला. स्विच पात्रात गेला, वाफ झाली, मग फ्रीजर, मग पोळपाट. दिवा विझलेलाच. हे व्हायचंच होतं, पहिल्याच फेरीत काही होत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्यांना कसं सांगणार. आईने तोवर पानं वाढली. स्विच वाफेत होता तेव्हा आम्ही वरण-भात खाल्ला, तो फ्रीजरमध्ये होता तेव्हा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. प्रत्येक फेरीला थोरले साहेब हातातला घास ठेवून उठायचे, वाकून बघायचे आणि परत येऊन बसायचे. दिवा लागत नव्हता. श्रीखंड झालं, तरी लागला नाही. शेवटी बाबा म्हणाले की राहू द्या, तुमच्या विश्रांतीची वेळ झाली असेल. आईने स्विच परत वाफेत ठेवला.

खाली कुणाच्या तरी घरी फरशीवर फरशी आपटल्यासारखा माहजाँगच्या सोंगट्यांचा आवाज चालू होता. मला केव्हापासून विचारायचंच होतं, म्हणून मी विचारलं, "त्या फोटोतली शेड कसली होती?"

बाबांनी डोळे वटारले. पण थोरले साहेब माझ्याकडे वळून बसले, जणू बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. म्हणाले, ती त्यांच्या सासऱ्यांची चीज बनवायची शेड. ते स्वतः रेडिओ दुरुस्त करायचे. सासऱ्यांकडे दुधाचे कॅन पट्ट्यावरून यायचे आणि कॅन आला की दांडीचा स्विच दाबला जायचा. पण तिथे सदा वाफ, सदा धुणं, दांडी गंजून अडकायची आणि दूध सांडायचं. शिव्या जावयाला. म्हणून त्यांनी हात न लावता ओळखणारा स्विच बनवला. तोही वाफेने बिघडायचा. मग त्यांच्या बायकोने युक्ती केली. जॅम करायच्या पातेल्यात राळ गरम करायची आणि प्रत्येक नळी गळ्यापर्यंत ओतून भरायची, आत हवेला जागाच ठेवायची नाही. घरभर तो वास. जॅम पुन्हा कधी त्या पातेल्यात झाला नाही. शेजारच्या बायका मदतीला यायला लागल्या, मग गावातल्या, मग शेड पुरेना. फोटोत मागे उभी होती ती तीच. मी विचारलं, मग आता कोण ओततं?

आता कुणीच ओतत नाही. राळ घट्ट व्हायला दिवस लागायचा, ते म्हणाले. मोटारींच्या कारखान्यांच्या मागण्या आल्या, एवढा वेळ कुणाला होता. मुलाने चांगली टोपी काढली, नुसती दाबली की बसते. मोटारींचे कारखाने कोरडे असतात. कुणाची तक्रार आली नाही.

आईने तेवढ्यात स्विच फ्रीजरमधून काढून पोळपाटावर ठेवला होता. बाबांनी वायरी जोडल्या. दिवा लागला. समोर काही नव्हतं, नुसतं लाकूड. आईने पोळपाट फिरवला, स्विच दुसऱ्या बाजूला वळवला, ओट्यावरची भांडी लांब सारली. दिवा तसाच पिवळा जळत राहिला.

यावेळी कुणी ओरडलं नाही. थोरल्या साहेबांनी करवत मागितली. बाबांनी हत्यारांच्या पेटीतून आणून दिली आणि त्या म्हाताऱ्या माणसाने आमच्या पोळपाटावर आपलाच स्विच कापला, सावकाश, फांदी कापल्यासारखा. आत सर्किटच्या हिरव्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब होता. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"टोपीच्या आराखड्यावर सही माझी आहे," ते म्हणाले. "ती असती तर तिने करू दिली नसती."

त्यांची बायको वारली होती हे तेव्हा आम्हाला कळलं. आईने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते.

त्यांनी त्या दिवशी कसलंही वचन दिलं नाही. सोमवारी ते बाबांबरोबर मिस्टर लिमच्या कारखान्यात गेले, गमबूट घालून धुण्याच्या वेळी ओल्यात उभे राहिले, आणि आमचा माल चुकला असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. बाबा सांगतात, मिस्टर लिम त्यावर इतके गडबडले की त्यांनीच माफी मागितली. थोरल्या साहेबांनी जपानला जाणं पुढे ढकललं. मग बरेच महिने आमच्याकडे काही कळलं नाही. आईने पुण्यातल्या शाळांची चौकशी सुरू केली, मी परीक्षा दिली, आणि एक दिवस राळ भरलेल्या स्विचांचं खोकं आलं. ते स्विच मिस्टर लिमकडे पुढे वर्षानुवर्षं चालले. धाकट्या साहेबांना ते पचायला वेळ लागला, असं बाबा म्हणतात, पण राळ लवकर घट्ट करायचं यंत्र शेवटी त्यांनीच शोधून काढलं. नुसता जुना मार्ग धरून कंपनी वाढली नसती, हेही खरंच.

ऑफिस बंद झालं नाही. उलट तिसरी खोली घेतली, वाफेची आणि गारठ्याची. दमट देशांत जाणारा प्रत्येक नवा माल आधी सिंगापूरला तपासायचा असं ठरलं. आज ती कंपनी कुठल्या कुठे गेली आहे, थोरल्या साहेबांची नात चालवते, आणि बुकित पंजांगच्या माझ्या घरातून एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून मी ज्या कामाला जाते तिथेही त्यांचे सेन्सर आहेत. मागच्या महिन्यात आईला डोळे दाखवायला नोव्हेनाच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे एक तरुण मराठी डॉक्टरीण भेटली, तिने आईला विचारलं, आजी, तुम्ही काय करायच्या? आई म्हणाली, वस्तू बिघडवायचे. ती मुलगी हसली, पण हे अगदी खरं उत्तर होतं.

कारण ती तिसरी खोली सांभाळायला थोरल्या साहेबांनी आईला बोलावलं. बाबा ते सांगत घरी आले तेव्हा आनंदात होते, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत जरा विचारात पडले. बायको आपल्या हाताखाली, की आपल्या शेजारी, की नक्की कुठे, हे त्यांना उमगत नव्हतं. आईलाही धास्ती होतीच. इतक्या वर्षांत सगळं विसरले असेन म्हणाली. तिच्या पासाला कामाची परवानगी मिळेपर्यंत ती रोज नको म्हणायची आणि रोज माझं जुनं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसायची.

तिच्या कामाच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले आणि घर बंद होतं. असं कधी झालं नव्हतं. मी खाली जाऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमधल्या दगडी बाकावर बसले. बऱ्याच वेळाने जुराँगची बस आली आणि ती दोघं उतरली. आई पुढे होती, चालता चालता मागे वळून बोलत होती, दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवत होती, वाफ असेल किंवा मीटरचा काटा. बाबा मागून येत होते, आपली बॅग एका खांद्याला आणि आईची पर्स दुसऱ्या, आणि मान हलवत होते. मला त्यांनी पाहिलं नाही. लिफ्टपाशी येऊन बाबांनी बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, थोडं थांबलं आणि बंद झालं. आईचं अजून संपलं नव्हतं. बाबांनी काहीतरी विचारलं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.